बर्लिनर वाइसे
बर्लिन शहराची आंबट, फिकट आणि भरपूर फेसाळणारी गव्हाची बिअर. गहू आणि बार्ली या दोन्हींचे माल्ट तिच्यात वापरतात. मद्यार्क जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या जर्मन बिअरपेक्षा बराच कमी. आंबटपणा येतो तो लॅक्टिक आम्लामुळे. यीस्टबरोबर दह्यातल्यासारखेच जिवाणू येथेही काम करतात. जुन्या पद्धतीत ब्रेटॅनोमायसिस हे रानटी यीस्टही बाटलीत सावकाश काम करत राही आणि मुरलेल्या बिअरला फळांचा गंध येई. नेपोलियनच्या सैनिकांनी हिला ‘उत्तरेकडची शॅम्पेन’ म्हटले, असे सांगतात. 

एकोणिसाव्या शतकात हे शहराचे आवडते पेय होते. पुढे लागर बिअरने तिला मागे टाकले. रुंद, वाडग्यासारख्या पायदार पेल्यात ती ओततात. आंबटपणा सौम्य करण्यासाठी रास्पबेरीचे लाल किंवा वाल्डमाइस्टर या सुगंधी रानवनस्पतीचे हिरवे सरबत घालतात. गिऱ्हाईक पुष्कळदा नुसता रंग सांगूनच मागणी करते. पेल्यात स्ट्रॉ ठेवण्याची रीतही आहे. जाणकारांना ती आवडत नाही. सरबतही त्यांना खटकते; त्याने मूळ चव झाकली जाते हा त्यांचा आक्षेप रास्तच आहे. पूर्वी सोबतीला शहाजिऱ्याच्या वासाची कडक दारू घेत. जर्मनीत हे नाव बर्लिनमध्ये बनलेल्या बिअरसाठीच राखीव आहे.