भोयांच्या खांद्यावरून रोमला

तुमच्या घोडागाडीचं आता सामान झालंय. लान्सलबूर गावातल्या माणसांनी तुमच्या डोळ्यांदेखत तिची चाकं काढली, कणा मोकळा केला, बसायची पेटी दोऱ्यांनी आवळली आणि सगळं खेचरांवर लादलं. समोर आल्प्समधली माँ सनीची खिंड आहे, सुमारे २,००० मीटर उंचीची. तिच्यावरून चाक जाईल असा रस्ता नेपोलियन बांधेल, पण तो तुमच्या नातवंडांच्या कामी येईल. तुम्ही अठराव्या शतकात आहात, उन्हाळा नुकता लागलाय, आणि खाली इटली तुमची वाट बघतेय. बसा.

खुर्चीला पाय नाहीत, तेव्हा जपून. गवताने विणलेली बैठक, दोन्ही बाजूंना लांब दांडे, आणि पावलं टेकायला दोरीला लोंबकळणारी एक फळी. भोई सहा आहेत. त्यांच्या म्होरक्याने मघाशी तुम्हाला डोक्यापासून पोटापर्यंत न्याहाळलं, ते वजनाचा अंदाज घेण्यासाठी. देह भारी असेल तर माणसं वाढतात आणि पैसेही. दोघं दांड्यांचे पट्टे खांद्यावर घेतात, एक हुंकार भरतात, आणि तुम्ही जमिनीवरून उठता. बाकीचे शेजारून चालतात. थोड्या थोड्या वेळाने, पाऊल न थांबवता, पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्यावर जातो. तुम्हाला नुसता एक हलका झोल जाणवतो.

वास घ्या. ओली लोकर, कच्चा कांदा, घाम, खेचरांची ताजी लीद, आणि मधूनच कुठूनतरी चिरडलेल्या गवताचा थंड सुगंध. नाक उन्हाने भाजतंय आणि मानेवर बर्फावरून आलेला वारा चावतोय, दोन्ही एकाच वेळी. कुत्रं बरोबर असेल तर मांडीवर घट्ट धरा. १७३९ मध्ये होरेस वॉलपोल नावाचा तरुण इंग्रज याच वाटेने निघाला होता. त्याचा लाडका छोटा कुत्रा गाडीच्या पुढे दुडदुडत चालला होता, तेवढ्यात लांडग्याने तो भरदिवसा उचलून नेला.

माथ्यावर तळं लागतं. त्यातले ट्राऊट मासे प्रसिद्ध आहेत, तेव्हा खाऊन घ्या, कारण उतारावर पोट गळ्याशी येणार आहे. खालच्या नोव्हालेझा गावाकडची बाजू फार उभी आहे आणि भोई ती उतरत नाहीत, उड्या मारतात, या दगडावरून त्या दगडावर. तुमच्या पायाखालची फळी दरीवर झुलतेय. तुम्ही डोळे मिटता. ते मात्र एकमेकांशी गप्पा मारताहेत, यंदाच्या गवताबद्दल, कुणाच्या तरी लग्नाबद्दल, आणि त्यांना धापसुद्धा लागलेली नाही. त्या काळच्या प्रवासवर्णनांत आल्प्सची भीषणता आणि भव्यता पानोपानी आहे. मला मात्र ती पानं वाचताना हे खांदे दिसत राहतात. युरोपातल्या श्रीमंतांचं सगळं कलाशिक्षण यांच्या पाठीवर बसून इटलीत उतरलं.

खाली गाडी पुन्हा जोडतात आणि मग दिवसच्या दिवस धूळ. खाणावळीतल्या गादीवर स्वतःची चादर घाला. तरी सकाळी अंगभर ढेकणांच्या चाव्यांचे चट्टे असणारच.

ऑगस्टमध्ये तुम्ही रोमच्या उत्तर वेशीतून आत शिरता. इथे शहाणी माणसं या महिन्यात येत नाहीत, पण आलात तर आलात. तुमच्या पेट्या थेट जकातघरात जातात, पुस्तकं तपासायला. त्या जकातघराकडे जरा नीट बघा. सम्राट हेड्रियनच्या देवळाचे अकरा प्रचंड खांब भिंतीतच चिणलेत आणि त्यांच्या मधल्या खिडक्यांतून कारकून डोकावताहेत. हे शहर जुनं काही जपून ठेवत नाही, वापरतं. फोरमला, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, जायचंय म्हणालात तर कुणी ओळखणार नाही. ‘कांपो व्हाच्चिनो’ म्हणा, म्हणजे गाईंचं मैदान. सम्राट सेव्हेरसची कमान अर्धी मातीत गाडलेली आहे, आणि त्याच मैदानात लांब शिंगांची करडी जनावरं ग्रॅनाइटच्या भल्यामोठ्या कुंडात तोंड बुडवून पाणी पिताहेत. शेणाचा उबदार वास, माश्यांची गुणगुण, दलालांची हाकाटी. आज तिथे तिकीट काढून आपण स्वच्छ खोदलेले दगड बघतो. मला विचाराल तर गाई होत्या तेव्हा ती जागा जास्त जिवंत होती.

घड्याळावर विसंबू नका. इथे दिवस संध्याकाळच्या घंटेपासून मोजतात. ‘एक वाजला’ म्हणजे अंधार पडून तास झाला. त्या घंटेबरोबर घरमालकीण धावत येऊन खिडक्या लावते. रात्रीच्या दूषित हवेने ताप येतो, अशी सगळ्यांची ठाम समजूत आहे. बंद खोलीत तुम्ही घामाने निथळताय आणि कानाशी डास गातोय. त्याच्यावर कुणाचा संशयच नाही! त्याच्या पोटातला हिवतापाचा जंतू रोनाल्ड रॉसला १८९७ मध्ये सापडेल, आणि तोही आपल्या सिकंदराबादेत.

पण आज शनिवार आहे, दुपार कलतेय, आणि सगळं रोम पियात्सा नव्होना या चौकाकडे पळत सुटलंय. ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी इथे कारंज्यांचे निचरे बुजवतात. चौकाचा मध्य खोलगट आहे, त्यामुळे बघता बघता तिथे तळं साचतं. शिल्पकार बेर्निनीच्या कारंज्यावर चार खंडांच्या चार नद्या पुरुषरूपात बसल्यात. तो हातात लांब वल्हं धरलेला दाढीवाला आपली गंगा आहे, आणि आज तिच्या पायाशी खरंच पाण्याचा फुगवटा आहे.

गाड्या पाण्यात शिरल्या. सोनेरी सरदारी गाड्या, भाड्याच्या गाड्या, कलिंगडवाल्याचा गाडा, सगळ्या एकाच रांगेत गोल गोल. चाकं आसापर्यंत बुडालीत, घोडे फुरफुरताहेत, गढूळ पाण्याला लीद आणि कलिंगडाच्या साली यांचा मिळून एक आंबूस वास सुटलाय. थंडावा मांडीपर्यंत चढतो आणि तुम्हाला हसूच फुटतं. डोंगरातल्या खड्ड्यांत हिवाळ्यापासून साठवलेल्या बर्फावर गार केलेलं लिंबाचं सरबत कुणीतरी हातात देतं, दात शिवशिवतात. वर गच्च्यांतून नाणी पडताहेत, आणि उघडी पोरं किंचाळत त्यांच्यामागे सूर मारताहेत. एक पोरगं तुमच्या चाकाला लोंबकळलंय, ओल्या हाताने तुमची बाही ओढतंय, आणि गाडीवान ओरडतोय, पलीकडचा घोडा बुजलाय, घट्ट धरा, घट्ट धरा!