पैनगंगेचा पूर वरून कसा दिसतो

मंडळी, पैनगंगेकाठी वावर असलेल्यांना पूर मोजायची जुनी रीत माहीत आहे. "पाणी मारुतीच्या दुसऱ्या पायरीला टेकलं होतं," असं आजा सांगायचा. पायरी पक्की, पण सालाचा घोळ व्हायचा.

१९७२ म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो, खडी फोडणं आठवतं. त्याच वर्षी २३ जुलैला अमेरिकेनं पहिला लँडसॅट सोडला आणि १९७३ ला मिसिसिपीच्या पुराचा नकाशा त्याच्या चित्रांवरून केला. आपला आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ ला गेला. अडचण एकच: पूर येतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं, आणि साध्या कॅमेऱ्याला ढगापलीकडचं दिसत नाही.

मग रडार आलं. ते स्वतः लहरी सोडतं, त्याला ढग अन् रात्र आडवी येत नाही. साचलेल्या सपाट पाण्यावरून लहर दुसरीकडं निघून जाते, म्हणून चित्रात पाणी काळं दिसतं. पुराआधीचं चित्र शेजारी ठेवायचं. नवीन काळं दिसेल तेवढा पूर. भारताचा रिसॅट-१ २०१२ चा, युरोपचा सेंटिनेल-१ २०१४ चा. सेंटिनेलची चित्रं तर सगळ्यांना फुकट. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरचा पूर असाच वरून मोजला गेला.

पण तिथं पाणी कैक दिवस थांबलं होतं. आपल्याकडं रात्री चढतं, दुसऱ्या दिवशी उतरतं. सेंटिनेलचा एक उपग्रह त्याच वाटेनं १२ दिवसांनी परत येतो. आमचं एकदा तसंच झालं. चित्रात वावर कोरडं. खाली सोयाबीनची सुडी वाहून गेलेली, विहिरीत गाळ, काळी माती खरडून मुरूम उघडा. दाट उभ्या पिकाखालचं पाणीही या रडारला नीट दिसत नाही.

३० जुलै २०२५ ला निसार गेला. त्याच्या लांब लहरी पिकात खोलवर शिरतात. फट कमी होईल, पण पुरती बुजणार नाही.

म्हणून आपली पायरी सोडू नका. पाणी आलं की खांबावर रंगानं खूण करा, तारीख-वेळ लिहा, जागेच्या नोंदीसह फोटो काढा. ई-पीक पाहणी वेळेत करा. पाणी कुठवर आलं ते उपग्रह सांगेल. त्याखाली कोणाचं कोणतं पीक होतं, ते तिथं लिहिलेलं असेल. आणि कृषी सहायक भाऊ, पंचनाम्यात पाणी किती वाजता चढलं अन् कधी उतरलं, तेवढं नक्की लिहा.