गतीचे कोडे : बाणापासून वाघिणीपर्यंत



भुसावळच्या रेल्वे यार्डातील पूर्वीचे एक दृश्य डोळ्यांपुढे आणा. इंजिन मालगाडीच्या वाघिणीला धक्का देऊन मागे थांबे, वाघीण मात्र एकटीच रुळांवरून पुढे धावत राही. आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी वा आजोबांनी हे पाहिले असेल. इंजिन सुटल्यावर वाघिणीला कोण ढकलत होते? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे बरोबर उत्तर मिळण्यास सुमारे दोन हजार वर्षे लागली.

ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल, म्हणजेच अरस्तू (इ. स. पू. ३८४-३२२), यांच्या मते ढकलणारा असल्याखेरीज गती टिकत नाही. मग सुटलेला बाण पुढे कसा जातो? ते म्हणत, हवाच त्याला पुढे नेते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने हे नाकारले. हवा तर अडथळा करते. फेकणारा आपला जोर वस्तूतच घालतो, असे त्याचे म्हणणे. आपल्या देशातील वैशेषिक पंडित प्रशस्तपाद यांनीही बाणात 'वेग' नावाचा संस्कार उत्पन्न होतो व त्याच्या बळावर बाण जातो, असे मांडले.

इब्ने सीना (९८०-१०३७) यांना आपण थोर हकीम म्हणून ओळखतो. 'किताबुश्शिफा' या ग्रंथात त्यांनी गतीचाही विचार केला. फेकणारा वस्तूला 'मैल', म्हणजे एक कल, देतो. हा कल आपोआप संपत नाही. हवेसारखा विरोध त्याला संपवतो. विरोधच नसेल तर गती थांबणार नाही! परंतु अशी अखंड गती कोठे दिसत नाही, म्हणून निर्वात पोकळी असूच शकत नाही, असे त्यांनी ठरविले. पुढे बगदादचे अबुल बरकात यांनी, मैल आपोआपही क्षीण होतो, असे मत दिले. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिदाँने या जोराची सांगड वस्तूतील द्रव्याशी आणि तिच्या वेगाशी घातली.

येथे एक सावधगिरी हवी. न्यूटनचा नियम आपल्याच पूर्वजांनी आधी शोधला, असे काही जण अभिमानाने सांगतात. ते खरे नाही. या सर्वांना गती टिकण्यासाठी काही तरी कारण हवेच होते. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून प्रयोग केले आणि १६८७ साली न्यूटनने नियम स्पष्ट मांडला : सरळ, एकसारख्या गतीला कारण लागत नाही, गती बदलण्यास लागते. वाघिणीला कोणीच ढकलत नव्हते. घर्षण व हवा तिला हळूहळू थांबवीत होती. पण विज्ञानात आपला वाटाच नाही, हा न्यूनगंडही तितकाच चुकीचा आहे. प्रत्येकाने गुरूचा आदर राखून त्याच्या उत्तरावर शंका घेतली, म्हणून पाऊल पुढे पडले.

आपल्याच जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. ग्रहांची क्षणोक्षणीची गती मोजणाऱ्या भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला, असे तो सांगतो. ज्ञान शाळेमुळेच टिकते.

म्हणून पालकहो, मुलाने न्यूटनचा नियम घडाघडा म्हणून दाखविला की समाधान मानू नका. त्याला विचारा, "वाघीण का थांबली?" आणि त्याने उलट प्रश्न केला, तर त्याला गप्प बसवू नका.