कच्च्या पपईची खतावणी

पपईला आपल्याकडे मान असा कधी मिळाला नाही. आंबा राजा, नारळ श्रीफळ, आणि पपईची आठवण होते ती पोट बिघडल्यावर. त्यातून कच्ची पपई म्हणजे मटण शिजेना म्हणून लावायचं औषध, नाहीतर साखरेच्या पाकात रंगून 'टूटीफ्रूटी' या टोपणनावाने केकात घुसलेली. स्वतःच्या नावावर खातं नाही!

तिला अध्यक्षपद मिळालं ते थायलंडात. पदार्थाचं नाव 'सोम तम'. सोम म्हणजे आंबट, तम म्हणजे कुटणे. याचा संबंध सोमरसाशी जोडायला निघालेल्या एका स्नेह्यांना मी वेळीच आवरलं. ते हिरमुसले, पण नशीब त्यांचं, हा पदार्थ जिथला, त्या ईशान्य थायलंडाचं नाव 'ईसान' आणि ते मात्र खरोखरच संस्कृतातल्या 'ईशान'वरून आलेलं. पलीकडे लाओस. तिथे याच पदार्थाला 'तम माक हुंग' म्हणतात आणि तो मूळचा आमचाच, असंही म्हणतात.

आता 'मूळचा' म्हणजे किती मूळचा, ते खतावणी काढून पाहू. पपई मध्य अमेरिकेकडची. मिरची, शेंगदाणा, टोमॅटो हेही अमेरिकेचेच. म्हणजे 1492 साली कोलंबस निघाला नसता तर खलबत्त्यात उरले असते लसूण, लिंबू आणि मासळी. 1565 पासून स्पॅनिश गलबतं मेक्सिकोहून फिलिपाइन्सला ये-जा करू लागली. गोव्याच्या आर्चबिशपच्या कचेरीत चिटणिशी करणारा लिन्सखोटेन नावाचा एक डच होता. (कचेरीत बसून जगाची खबर ठेवणारा माणूस, म्हणून मला जवळचा.) त्याने 1596 च्या पुस्तकात लिहून ठेवलंय, की हे फळ स्पॅनिश मुलखातून फिलिपाइन्सकडून मलाक्काला आणि तिथून हिंदुस्थानात आलं. म्हणजे बाई निघाल्या अमेरिकेतून आणि पोर्तुगिजांच्या घरात शिरल्या मागच्या दाराने!

पण कुटण्याची रीत तिथलीच. अजूनही तिकडे काकडी, कैरी अशीच कुटतात. काकडी, मिरची, लिंबू, शेंगदाणे म्हटल्यावर आपल्याला खमंग काकडी आठवावी, इतकं हे सगळं घरचं वाटतं.

बँकॉकला हा पदार्थ नेला तो पोटामागे गेलेल्या माणसांनी. ईसानची जमीन कोरडी, पाऊस लहरी. 1900 साली बँकॉकची आगगाडी कोराटपर्यंत पोचली, 1958 साली अमेरिकन पैशाने बांधलेला मोठा रस्ता खुला झाला आणि गावंच्या गावं राजधानीत मजुरीला उतरली. आपल्या चाकरमान्यांनी मुंबईत सुकट आणली, तसा यांनी खलबत्ता आणला. शहरी माणसाने आधी नाक मुरडलं. माणसांना आणि त्यांच्या मुरवलेल्या मासळीला, दोघांनाही. मग मासळीचा वास कमी, साखर जास्त, वर शेंगदाणे अशी सुधारून वाढवलेली आवृत्ती 'सोम तम थाई' म्हणून प्रतिष्ठित झाली. पदार्थाला देशाचं नाव मिळालं, कुटणारी बाई ईसानचीच राहिली.

घरी करायचा तर पपई अगदी हिरवी, कडक हवी. सोलून, चीक धुऊन लांब काड्या काढाव्यात आणि गार पाण्यात टाकाव्यात, म्हणजे कुरकुरीत राहतात. खलबत्त्यात आधी लसूण-मिरची, मग गूळ, भाजलेले शेंगदाणे, चवळीच्या कोवळ्या शेंगांचे तुकडे, टोमॅटो, लिंबाचा रस. पपई शेवटी, आणि हलक्या हाताने. चटणी करायची नाही. तिकडे यात माशाचं खारट पाणी आणि सुकट पडते, आपण मीठ घालावं.

बटाटा, रताळं, मिरची, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद हे सगळे अमेरिकेहून आलेले, आणि सगळे उपासाला चालतात. तेव्हा लसूण, शेंगा, टोमॅटो वगळून हा पदार्थ आषाढीला चालावा, असा अर्ज मी घरी केला आहे. अर्ज विचाराधीन आहे.