पक्ष : पंखापासून पर्वतापर्यंत

लक्ष्मीपूजनाची रात्र ही आश्विनाच्या वद्य पक्षाची अखेर, आणि मागून येणारा पाडवा हा कार्तिकाच्या शुद्ध पक्षाचा आरंभ. असा ऐन सणात पक्ष पालटतो. पण या शब्दाचे कुळमूळ विचारण्याची सवड फराळाच्या गडबडीत कुणाला असते? पंधरवडा तो पक्ष, कोर्टात भांडणारा तो पक्षकार, निवडणूक लढवतो तोही पक्षच. एवढा गोतावळा असलेल्या या शब्दाचे एक घर तर्कशास्त्रात आहे, आणि ते सर्वांत नवलाचे आहे.

पक्ष म्हणजे मुळात पंख. पाखराला पंख दोन, म्हणून पक्ष म्हणजे बाजू. महिन्याच्या दोन बाजू झाल्या, तशा वादाच्याही झाल्या. गौतमाच्या न्यायसूत्रांत पक्ष आणि प्रतिपक्ष यांचा नीट विचार करून जो निश्चय होतो, त्याला निर्णय म्हटले आहे. आपला पक्ष न मांडता नुसता दुसऱ्याचा खोडीत बसणारा जो वाद, त्याचे नाव वितंडा. आपल्या मराठीतला वितंडवाद तो हाच.

पुढे नैयायिकांनी या शब्दाला आणखी नेमका अर्थ दिला. तो समजून घ्यायला सोमाटण्याजवळचा घोरावडेश्वराचा डोंगर डोळ्यांसमोर आणावा. डोंगरावर धूर दिसतो, तेव्हा तिथे अग्नी असला पाहिजे, असे आपण म्हणतो. यात अग्नी हे साध्य, धूर हा हेतू आणि डोंगर हा पक्ष. जिथे धूर आणि अग्नी दोन्ही असल्याचे आपल्याला पक्के ठाऊक आहे, ते स्वयंपाकघर म्हणजे सपक्ष. जिथे अग्नी नाहीच, तो पाण्याचा डोह म्हणजे विपक्ष; मावळातल्या माणसाने पवनेचा डोह आठवावा. हेतू पक्षावर असावा, सपक्षात आढळावा आणि विपक्षात मुळीच नसावा, ही तीन लक्षणे बौद्ध पंडित दिङ्नागाने काटेकोरपणे मांडली.

घोरावडेश्वराच्या डोंगरातली बौद्ध लेणी दिङ्नागाच्या कितीतरी आधीची. तो तिथे कधी आला, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने न्यायबिंदूत दिलेला एक दाखला मात्र थेट मावळातल्या पावसाळ्याचा वाटतो. दिसते ती वाफ की धूर, याचीच शंका असेल, तर तेवढ्यावरून अग्नी सिद्ध होत नाही, असे तो बजावतो. श्रावणात या डोंगरमाथ्यांवर धुके लोळताना ज्याने पाहिले असेल, त्याला ही सावधगिरी निराळी शिकवावी लागत नाही.

आता नवल ते हे. पक्षाची रूढ व्याख्या अशी की, ज्याच्या ठिकाणी साध्याविषयी संदेह आहे तो पक्ष. डोंगरावर अग्नी आहे की नाही हे अजून ठरलेले नाही, म्हणूनच डोंगर पक्ष! चौदाव्या शतकाच्या सुमारास मिथिलेच्या गंगेशाने या व्याख्येला मुरड घातली. घरात बसलेल्याला गडगडाट ऐकू येताच ढगांचे अनुमान होते, तिथे आधी संशय कुठे असतो? म्हणून संशय हवाच असे नाही. गोष्ट आधीच सिद्ध झालेली नसली म्हणजे पुरे. सिद्ध असली, तरी ती पुन्हा अनुमानाने ताडून पाहण्याची इच्छा असेल, तर तेही चालते. अशा बारकाव्यांचा मोठा संग्रह भीमाचार्य झळकीकरांच्या न्यायकोशात आहे. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२८ साली काढली.

व्यवहारात मात्र या शब्दाचे नशीब उलटे फिरले. जिथे अजून ठरायचे आहे तो पक्ष, हा शास्त्राचा अर्थ. जिथे सगळे आधीच ठरून गेले आहे तो पक्ष, हा आपला. विपक्ष म्हणजे शास्त्रात पडताळ्याची जागा: हेतू तिथे सापडला की अनुमान फसले, म्हणून शहाण्याने आधी तिकडे पाहावे. आपण मात्र विपक्षाकडे पाठ फिरवतो आणि एकाच बाजूला कलतो. त्याला भाषेने पक्षपात हे नाव देऊन ठेवलेच आहे.

दिवाळीत पाहुणे जमले की फराळाबरोबर वादही रंगतात. ते रंगावेत. आपला पक्ष मांडताना तो अजून सिद्ध व्हायचा आहे एवढे ध्यानात ठेवले, तर वाद वितंडेवर जाणार नाही. पाखरू एका पंखावर उडत नाही, हे तर त्या शब्दाच्या जन्मापासूनच ठाऊक होते.