ग्वाल्हेरच्या आकाशातला उतार

मुसळधार पाऊस सुरू झाला की घरावरच्या डिशचे चित्र थिजते, हे गोव्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. उपग्रहाकडून दूरचित्रवाणीसाठी येणाऱ्या या लहरींची वारंवारता साधारण ११ ते १२ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. पावसाचे टपोरे थेंब काही मिलिमीटर आकाराचे असल्याने एवढ्या आखूड लहरींतील ऊर्जा ते शोषून घेतात आणि इतस्ततः विखुरतात. सर ओसरली की चित्र पुन्हा हलू लागते. त्यामुळे उपग्रह आणि भूस्थानक यांच्यामधील वातावरणाचा अडथळा म्हणजे पाऊस, असा समज सहज होतो. तो अपुरा आहे.

ग्वाल्हेर हे त्याचे चांगले उदाहरण. शिंद्यांची राजधानी म्हणून आणि ख्यालगायकीच्या घराण्यामुळे मराठी माणसाला जवळचे वाटणारे हे शहर पावसाच्या बाबतीत गोव्याच्या पासंगालाही पुरत नाही. तेथील वार्षिक पाऊस गोव्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. उन्हाळ्यात लू वाहते, परंतु कोरडी धूळ रेडिओ लहरींना फारशी अडवत नाही. हिवाळ्यातले दाट धुके वैमानिकाची दृष्टी बंद करते. त्याचे तुषार मात्र इतके सूक्ष्म असतात की दिशादर्शक उपग्रहांच्या लहरी त्यातून जवळपास बिनदिक्कत पार होतात. हवामानापुरते पाहिले तर उपग्रह-संदेश ऐकण्यासाठी ग्वाल्हेर ही उत्तम जागा ठरावी. अडचण ढगांच्या कितीतरी वर आहे.

पृथ्वीपासून सुमारे ६० ते १००० किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे वायूंच्या अणुरेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. हा थर म्हणजे आयनांबर. रात्री मध्यम लहरींवर दूरच्या गावचे आकाशवाणी केंद्र अचानक ऐकू येते, ती याच थराची कृपा. उपग्रहांच्या लहरी मात्र याहून फार उच्च वारंवारतेच्या असल्याने परावर्तित न होता थर भेदून खाली येतात. भेदताना त्यांचा वेग बदलतो आणि वाहून आणलेला संदेश किंचित उशिरा पोहोचतो. फोनवरच्या संभाषणाला या उशिराने काही फरक पडत नाही. दिशादर्शक उपग्रहाचा सगळा हिशेबच वेळेचा असतो. सुमारे २०,२०० किलोमीटरवरून निघालेला संदेश किती वेळात पोहोचला त्यावरून अंतर काढले जाते. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते.

आयनांबरातील उशीर मोजण्याचे माप ठरलेले आहे. लहरीच्या वाटेवर एक चौरस मीटर छेदाचा स्तंभ कल्पून त्यातले इलेक्ट्रॉन मोजतात. दहावर सोळा घातांक इतके इलेक्ट्रॉन म्हणजे एक एकक. जीपीएसच्या नेहमीच्या १५७५.४२ मेगाहर्ट्‌झ लहरीला असे एक एकक सुमारे १६ सेंटिमीटरने मागे टाकते. सूर्य ऐन भरात असताना भारतात दुपारी हा आकडा १०० एककांच्या पुढे जाऊ शकतो. तेव्हा उपग्रह डोक्यावर असतानाही चूक १६ मीटरची होते; तो क्षितिजाकडे झुकलेला असेल तर दुपटीहून अधिक.

भारतात हे आकडे मोठे का, याचे उत्तर चुंबकीय विषुववृत्तात आहे. ते केरळजवळून जाते. म्हणूनच १९६३ मध्ये थुंबा येथे अग्निबाण उडवण्याचे केंद्र सुरू झाले. दिवसा तेथील विद्युत-क्षेत्र आयनांबरातील भारित कण उचलून वर फेकते आणि ते पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला व दक्षिणेला उतरतात. हुबेहूब कारंजे. सर्वाधिक इलेक्ट्रॉन त्यामुळे सूर्य थेट माथ्यावर असतो तेथे सापडत नाहीत. ते विषुववृत्तापासून दूर, दोन बाजूंच्या दोन शिखरांवर साचतात. एडवर्ड ॲपलटन यांनी १९४६ मध्ये ही विसंगती मांडली. तिचे उत्तरेकडील शिखर भारतात साधारणपणे अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यावर येते.

भोपाळपासून ग्वाल्हेर हवाई अंतराने सुमारे ३४० किलोमीटर उत्तरेला, म्हणजे शिखरावर नव्हे तर शिखराच्या उतरणीवर आहे. ही उतरण रोज सारखी नसते. सौर हालचाल मंदावलेल्या वर्षी शिखर दक्षिणेला सरकते आणि ग्वाल्हेरवर शांतता असते. जोमाच्या वर्षी कारंजे उंच उडते आणि शिखर शहराकडे चालून येते. स्थिर आणि सपाट आयनांबर कितीही दाट असले तरी त्याची दुरुस्ती करता येते. घात होतो तो थोड्या अंतरात झपाट्याने बदलणाऱ्या घनतेमुळे. शिवाय दक्षिणेकडे ३० अंश उंचीवर दिसणाऱ्या उपग्रहाचा संदेश ग्वाल्हेरला पोहोचतो तो ३५० किलोमीटर उंचीवर आयनांबर ओलांडूनच, आणि ओलांडण्याची ती जागा शहरापासून पाचशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, जवळजवळ नागपूरच्या अक्षांशावर असते. म्हणजे ग्वाल्हेरच्या एकाच ग्राहकयंत्रावर एक संदेश उतरणीवरून, दुसरा शिखरावरून आणि तिसरा शिखरापलीकडून येत असतो. तिघांच्या चुका वेगवेगळ्या.

विमानतळासाठी ही बाब किरकोळ नाही. याच कामासाठी इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी 'गगन' ही यंत्रणा उभारली. देशभरातील १५ संदर्भ-स्थानके जीपीएसची चूक सतत मोजतात. त्यात दिल्ली, अहमदाबाद, नागपूर, जैसलमेर, गया आहेत आणि गोवाही आहे. बंगळुरूला त्यावरून दुरुस्ती तयार होते आणि भूस्थिर उपग्रहामार्फत ती विमानाला मिळते. आयनांबराची दुरुस्ती पाच-पाच अंशांच्या चौकटीच्या कोपऱ्यांसाठी दिली जाते. मधल्या जागेचा आकडा विमानातले यंत्र स्वतः काढते. ग्वाल्हेरला स्वतःचे संदर्भ-स्थानक नाही आणि दिल्लीचे स्थानक सुमारे २८० किलोमीटरवर आहे. शहर २५ ते ३० उत्तर अक्षांश व ७५ ते ८० पूर्व रेखांश या चौकटीत येते. अमेरिकेसारख्या मध्य अक्षांशांवरील देशात अशा चौकटीत आयनांबर बहुतेक वेळा संथपणे बदलते, त्यामुळे तेथे बेतलेले गणित भारतात जसेच्या तसे चालले नाही. एकाच पातळ थराऐवजी अनेक थर गृहीत धरणारे वेगळे प्रतिमान इस्रोला तयार करावे लागले. 'गगन'च्या कामातला सर्वांत कठीण भाग हाच म्हणावा लागेल. उपग्रह सोडणे त्यामानाने सोपे.

या यंत्रणेचा आणखी एक गुण चर्चेत फारसा येत नाही. दुरुस्तीबरोबर ती स्वतःच्या खात्रीची मर्यादाही कळवते. उभ्या दिशेची संभाव्य चूक ५० मीटरच्या आत आहे असे ठामपणे सांगता आले नाही, तर वैमानिकाला उंचीचे मार्गदर्शन वापरता येत नाही. ही परवानगी २०१५ मध्ये मिळाली. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगड येथे 'गगन'च्या आधारे एटीआर प्रवासी विमान उतरले. किशनगडचा अक्षांश ग्वाल्हेरच्या अक्षांशापासून अर्ध्या अंशाहूनही कमी दूर आहे, म्हणजे तेही याच उतरणीवरचे गाव.

सूर्यास्तानंतर गोष्ट वेगळी होते. चुंबकीय विषुववृत्तावर आयनांबराच्या तळाशी विरळ घनतेचे बुडबुडे निर्माण होऊन वर चढतात आणि चुंबकीय रेषांच्या बाजूने उत्तर-दक्षिण पसरतात. त्यांतून जाणारी लहर ताऱ्यासारखी लुकलुकते. कधी संदेश इतका क्षीण होतो की यंत्राची पकड सुटते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे या बुडबुड्यांचे महिने, वेळ साधारण सात ते मध्यरात्र. गोव्यापर्यंत पोहोचण्यास बुडबुडा विषुववृत्तावर अंदाजे पाचशे किलोमीटर उंच चढला तरी पुरते. ग्वाल्हेर गाठायला त्याला हजाराच्या आसपास जावे लागते. त्यामुळे ही पीडा ग्वाल्हेरला कमी आणि गोव्याला अधिक. निरभ्र ऑक्टोबरच्या संध्याकाळी पणजीत नकाशावरचा निळा ठिपका भरकटला, तर उंच इमारतींइतकाच संशय आयनांबरावरही घ्यायला हरकत नाही.

उपाय दोन वारंवारतांचा. आयनांबर कमी वारंवारतेला जास्त आणि जास्त वारंवारतेला कमी मागे टाकते. दोन लहरींच्या पोहोचण्यातील फरकावरून उशीर थेट काढता येतो. भारताच्या 'नाविक' उपग्रहांनी म्हणूनच आरंभापासून ११७६.४५ आणि २४९२.०२८ मेगाहर्ट्‌झ या दोन लहरी निवडल्या. पहिलीला एका एककाने सुमारे २९ सेंटिमीटरचा उशीर होतो, दुसरीला साडेसहाचा. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून त्यांत १५७५.४२ मेगाहर्ट्‌झची तिसरी लहरही आली. लुकलुकीवर मात्र या युक्तीचा इलाज चालत नाही, आणि खालच्या तपांबरातील दमट हवेचा उशीर सर्व वारंवारतांना सारखाच असल्यामुळे तोही त्यातून निसटतो. कोरड्या हवेचा सरळ वरून येणारा उशीर सुमारे २.३ मीटर आणि बाष्पाचा त्यात भर घालणारा काही दशांश मीटर. हा दुसरा आकडा जुलैतल्या गोव्यात मोठा असतो आणि मे महिन्यातल्या ग्वाल्हेरला लहान.