मानेचा हिसका, आवळलेला जबडा आणि ढळणारा तोल

मागून वाहनाची धडक बसली की गाडीतील व्यक्तीचे धड पुढे ढकलले जाते, डोके मात्र क्षणभर मागेच राहते आणि नंतर जोराने पुढे येते. या हिसक्याला वैद्यकीय परिभाषेत ‘व्हिपलॅश’ म्हणतात. एक्स-रेमध्ये अनेकदा काहीच आढळत नाही. पण मान दुखते, डोके जड होते आणि चालताना तोल गेल्यासारखे वाटते. कॅनडातील क्युबेक येथील तज्ज्ञगटाने १९९५ मध्ये या दुखापतीची ० ते ४ अशी प्रतवारी ठरविली. चक्कर आणि जबड्याच्या सांध्याचे दुखणे कोणत्याही श्रेणीत असू शकते, अशी नोंद त्यांनी केली होती.

शरीराचा तोल डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांध्यांकडून मिळणाऱ्या संवेदना यांवर अवलंबून असतो. कवटीच्या तळाशी असलेल्या मानेच्या लहान स्नायूंत अशा संवेदनाग्राहकांची विशेष दाटी असते. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानेत भुलीचे औषध टोचताच निरोगी व्यक्तींचाही तोल ढळू लागला. मानेकडून चुकीचा संदेश गेला की मेंदूचा हिशेब चुकतो तो असा.

यात जबडा कोठून आला? चेहरा आणि जबड्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूचे केंद्र मेंदूच्या तळापासून मानेतील मज्जारज्जूपर्यंत उतरते आणि तेथे मानेच्या वरच्या मज्जातंतूंचे संदेशही येऊन मिळतात. तोंड उघडताना डोके नकळत किंचित मागे झुकते, हे स्वीडनमधील उमिओ विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजून दाखविले. व्हिपलॅशच्या रुग्णांत हा मेळ बिघडलेला त्यांना आढळला.

दात आवळण्याचा परिणाम दूरवर पोहोचतो, ही गोष्ट तशी जुनीच. गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया तपासताना डॉक्टर रुग्णाला दात आवळावयास किंवा गुंफलेली बोटे ओढावयास सांगतात. त्यामुळे पाय अधिक जोराने उडतो. हंगेरीचे वैद्य येंद्राशिक यांनी १८८० च्या दशकात वर्णिलेली ही युक्ती आहे. निरोगी माणसाने क्षणभर दात आवळले तर उभे राहण्यातील डोलणे किंचित कमी झाल्याचेही काही चाचण्यांत दिसले. पण दिवसभर, किंवा झोपेत, जबडा आवळलेला राहिला तर मानेचे स्नायूही त्याबरोबर ताणलेले राहतात. आधीच दुखावलेल्या मानेला हा भार परवडणारा नसतो.

येथेच रुग्णाची फसगत होण्याचा संभव असतो. अपघातानंतर दात पूर्वीसारखे जुळत नाहीत, असे वाटू लागते. त्यामागे स्नायूंचा आकस किंवा सांध्याची सूज असू शकते. अशा वेळी चावा ‘नीट’ करण्यासाठी दात घासून घेणे घाईचे ठरते. गेलेले एनॅमल परत येत नाही. चाव्याच्या जुळणीमुळेच तोल सुधारतो, याला भक्कम पुरावाही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९६ मध्ये भरविलेल्या परिषदेतही जबड्याच्या विकारांसाठी, पूर्ववत करता येतील अशाच उपचारांवर भर देण्यात आला होता. मानेचे व नजर स्थिर ठेवण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकणे आणि गरज भासल्यास रात्री दातांवर काढघाल करता येणारी पट्टी वापरणे, हा त्यातला सावध मार्ग.

ओठ मिटलेले, जीभ टाळूला टेकलेली आणि दातांच्या दोन ओळींत थोडी फट, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. मात्र अपघातानंतर हातापायांत बधिरपणा वा अशक्तपणा, एक वस्तू दोन दिसणे, बोलणे अडखळणे किंवा वाढत जाणारी तीव्र डोकेदुखी जाणवल्यास दंतवैद्याकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे.